डबीतला रंग पापणीवर का उमटत नाही?

‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा वाक्प्रचार आज आपण केवळ उपदेशाच्या अर्थाने वापरतो. परंतु आपल्या आजी-पणजीच्या काळी अंजन ही घरातच सिद्ध होणारी वस्तू होती. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा, त्याच्या ज्योतीवर उपडी धरलेली तांब्याची ताटली, तिच्यावर जमलेली काजळी आणि ती खलण्यासाठी चमचाभर तूप, एवढ्या साहित्यात वर्षभराचे काजळ तयार होई. आज त्या काजळाची जागा काचेच्या इवल्याशा डबीतील क्रीम आयलायनरने घेतली आहे. रंगही आता काळ्यापुरता राहिलेला नाही. मोरपंखी, गर्द निळा, पाचूसारखा हिरवा, जांभळा, राणी अशा अनेक छटा दुकानात मांडलेल्या दिसतात आणि शालूच्या काठाशी जुळणारी छटा निवडण्यात घरातील मुलींचा उत्साह पाहण्यासारखा असतो.

मात्र लग्नसराईत एक तक्रार घरोघरी हमखास ऐकू येते. डबीत मोरपंखी दिसणारा रंग पापणीवर मळकट राखाडी होतो. निळा ओढावा तर काळाच वाटतो. जांभळ्याचा तर मागमूसही उरत नाही. मग एकावर एक थर चढविले जातात, रेषा जाड होते, दुपारच्या पंगतीपर्यंत ती पापणीच्या घडीत गोळा होते आणि शेवटी दोष डबीला दिला जातो. त्याहून महाग डबी आणली जाते किंवा कोणी जत्रेतील, रस्त्यावरील स्वस्त आणि भडक रंगाकडे वळते. पहिल्या उपायाने पैसा जातो, दुसऱ्याने डोळा धोक्यात येतो.

या लेखाचे सांगणे थोडक्यात असे: रंगाचे तेज थरांच्या जाडीतून येत नाही. ते रंगद्रव्याच्या स्वभावातून, त्याखालच्या पृष्ठभागातून आणि पातळ, वाळलेल्या थरातून येते. आणि रंगद्रव्य कोणते, ते कशापासून झाले, हे एकदा कळले की रंगाची निवड आणि विवेकाची निवड या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कॅश क्रेडिट खात्यांचा तारण माल तपासण्यासाठी घाऊक व्यापाऱ्यांच्या गोदामांत जावे लागे. त्यांत सौंदर्यप्रसाधनांची गोदामेही असत. खोक्यावरील बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी वाचण्याची जी सवय तेथे जडली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पुढील मजकूर त्या सवयीचे फळ समजावे.

काळा सोपा, निळा अवघड

काळा रंग सर्वांत सहज का उमटतो, याचे उत्तर त्या जुन्या काजळातच आहे. काजळी म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा कार्बन. तो आपल्यावर पडणारा जवळजवळ सर्व प्रकाश शोषून घेतो. खाली त्वचा गोरी असो, गव्हाळ असो वा सावळी, काळ्या थरातून प्रकाश परतच येत नसल्यामुळे तिचा रंग मध्ये येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आजच्या काळ्या आयलायनरमध्ये कार्बनऐवजी किंवा कार्बनसोबत लोहाचे काळे ऑक्साइड वापरतात, तत्त्व तेच.

रंगीत द्रव्याचे तसे नसते. निळे द्रव्य प्रकाशातील काही भाग शोषते आणि निळा भाग परत पाठवते. थर पातळ असेल तर बराच प्रकाश थराच्या पार जाऊन त्वचेवर पोहोचतो आणि तिथून तपकिरी होऊन परततो. निळ्यात तपकिरी मिसळला की काय होते, हे चित्रकलेच्या तासाला बसलेला कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. डबीत मात्र तोच रंग अर्धा इंच जाडीचा असतो आणि त्याच्या खाली त्वचा नसते. म्हणून डबीत दिसणारा रंग आणि पापणीवर दिसणारा रंग यांत अंतर पडते. यात नेहमीच फसवणूक असते असे नाही.

आणखी एक कारण समजून घेण्याजोगे आहे. एखादे द्रव्य खालचा पृष्ठभाग किती झाकते, हे त्याच्या कणांचा अपवर्तनांक आणि भोवतीच्या तेलामेणाचा अपवर्तनांक यांतील फरकावर अवलंबून असते. तेल व मेण यांचा अपवर्तनांक सुमारे १.४५ असतो. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७, म्हणजे बराच अधिक. म्हणून ते थोडे असले तरी खालचे सर्व झाकून टाकते. लोहाची लाल-पिवळी ऑक्साइडे आणि क्रोमियमचे हिरवे ऑक्साइड हीही चांगली झाकणारी द्रव्ये आहेत. परंतु अल्ट्रामरीन या सुंदर निळ्या द्रव्याचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे मेणाच्या अगदी जवळचा. त्यामुळे मेणात मिसळताच ते पारदर्शक आणि गडद होते. रंग असतो, पण झाकण्याची शक्ती नसते.

हे द्रव्य आपल्याला अपरिचित नाही. पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी पुडीत मिळणारी पारंपरिक नीळ बहुधा हेच अल्ट्रामरीन असते. कोरडी नीळ किती तेजस्वी दिसते आणि ओली झाली की किती काळपट होते, हे आपल्या घरांतील ज्येष्ठ भगिनींनी असंख्य वेळा पाहिले असेल. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून काढीत आणि तो अतिशय महाग असे. फ्रान्समधील उद्योगप्रोत्साहन संस्थेने १८२४ साली तो कृत्रिमरीत्या बनविणाऱ्यास ६,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले आणि १८२८ साली गिमे या फ्रेंच रसायनज्ञाला ते मिळाले. तेव्हापासून राजेरजवाड्यांच्या चित्रांतील निळा रंग धोबीघाटापर्यंत पोहोचला. अर्थात कपड्याची नीळ डोळ्याला लावण्यासाठी नव्हे. प्रसाधनातील द्रव्य वेगळ्या शुद्धतेचे असते.

डबीत काय काय असते

क्रीम आयलायनरची घडण जुन्या काजळाहून फार निराळी नाही. काजळात तूप जे काम करी, ते येथे तीन घटक वाटून घेतात. पहिला घटक उडून जाणारे पातळ द्रव्य, उदाहरणार्थ आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन. याच्यामुळे क्रीम मऊ राहते आणि रेषा ओढल्यावर मिनिटभरात ते हवेत निघून जाते. दुसरा घटक मेण. ते क्रीमला आकार देते. तिसरा घटक चिकटून बसणारी राळ. ती रंगाची पातळ पापुद्र्यासारखी पटले पापणीवर बसविते. या तिघांच्या आधाराने रंगद्रव्य उभे असते.

या रचनेतून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, उडून जाणारे द्रव्य डबीतूनही उडून जाते. झाकण सैल राहिले की क्रीम वरून कोरडे पडते आणि मग ते घासूनही रंग देत नाही. काम झाल्याबरोबर झाकण घट्ट लावणे ही या वस्तूची सर्वांत मोठी राखण. वाळलेल्या डबीत पाणी, खोबरेल किंवा लाळ घालून ती ‘सजीव’ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाण्याने जंतू वाढतात आणि तेलाने पटल बसत नाही.

दुसरा असा की, द्रव्य उडून जाईपर्यंत रेषा ओली असते. त्या अवस्थेत तिच्यावर दुसरा थर दिला तर ब्रश पहिला थर उचलून घेतो. अनेकींचा रंग ‘बसत नाही’ तो येथे. दुसरा हात फिरवावाच लागला तर पहिला पूर्ण वाळू द्यावा.

तिसरा असा की, मेण तेलात विरघळते. पापणीवर त्वचेचा स्वाभाविक तेलकटपणा असतो, त्यावर रात्रीच्या क्रीमचा अंश असतो. अशा पृष्ठभागावर ओढलेली रेषा तासाभरात सरकते. म्हणून तेल टिपणे हे रंग लावण्याच्या आधीचे काम आहे.

रेषा ओढण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती. क्रम सोडला नाही तर मध्यम किमतीच्या डबीतूनही उत्तम रंग मिळतो.

प्रथम पापणी धुऊन कोरडी करावी आणि टिपकागदाने तेल टिपावे. त्वचेच्या रंगाचा किंवा त्याहून किंचित उजळ कन्सीलर बोटाच्या टोकाने अगदी पातळ लावावा आणि त्यावर चिमूटभर पावडर दाबून बसवावी. रंग काळा असेल तर एवढे पुरे. निळा, हिरवा, जांभळा असेल तर जेथे रेषा यायची तेथे आधी पांढऱ्या किंवा मोतिया पेन्सिलीची बारीक रेषा ओढून ती वाळू द्यावी. भिंतीला रंग देण्याआधी रंगारी पांढरा हात मारतो, त्यातला हा प्रकार. मघाशी सांगितलेला तपकिरी रंगाचा अडथळा या एका रेषेने दूर होतो. खालून परतणारा प्रकाश आता पांढरा असतो आणि पारदर्शक निळा त्यातून उजळून निघतो. सर्व क्लृप्त्यांत अधिकांत अधिक फळ देणारी क्लृप्ती हीच.

नंतर डबीतील क्रीम काडीच्या टोकाने किंचित ढवळून थोडेसे हाताच्या पाठीवर घ्यावे. शरीराच्या उष्णतेने मेण मऊ होते आणि रंग एकसारखा मिसळतो. ब्रश चपटा, आखूड केसांचा आणि ताठ असावा. कृत्रिम तंतूंचा ब्रश येथे प्राण्यांच्या केसांच्या ब्रशापेक्षा सरस ठरतो, कारण तो क्रीम पिऊन घेत नाही. अशा रीतीने उत्तम साधन आणि निर्दोष साधन येथे एकच आहे. ब्रशाच्या दोन्ही बाजूंना रंग घेऊन जादा रंग पुसून टाकावा.

रेषा एका दमात ओढू नये. आरसा थोडा खाली धरून नजर खाली ठेवावी, म्हणजे पापणी ताणावी लागत नाही. ताणलेली पापणी सोडली की रेषेला सुरकुत्या पडतात. बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून ब्रश पापणीच्या केसांच्या मुळाशी दाबत दाबत पुढे जावे. दाबल्याने रंग बसतो, ओढल्याने पसरतो. मिनिटभर डोळे न उघडझाप करता थांबावे आणि मगच गरज असल्यास दुसरा पातळ थर द्यावा. शेवटी त्याच छटेची कोरडी आयशॅडो बारीक ब्रशाने रेषेवर दाबली की उरलासुरला तेलकटपणा शोषला जातो आणि कोरड्या द्रव्याचे तेज वर राहते. कोरडी नीळ आणि ओली नीळ यांचा दाखला येथे पुन्हा आठवावा.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. रेषा पापणीच्या केसांच्या बाहेरच असावी; आतल्या ओलसर कडेवर क्रीम लावू नये. त्या कडेवर वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० सूक्ष्म ग्रंथींची तोंडे असतात. त्यांतून येणारा स्निग्ध पदार्थ अश्रूंना लवकर सुकू देत नाही. ती तोंडे मेणाने बुजली की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, आतल्या कडेवर लावलेल्या आयलायनरचे कण बाहेर लावलेल्यापेक्षा अधिक प्रमाणात आणि लवकर अश्रूंत उतरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी लेन्स आधी घालावी आणि रंग नंतर लावावा. काढताना लेन्स आधी काढावी, रंग नंतर पुसावा.

शेजारच्या रंगाचा प्रभाव

रंग तेजस्वी दिसणे हे केवळ त्या रंगावर अवलंबून नसते; त्याच्या शेजारी काय आहे यावरही असते. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकामशाळेच्या रंगविभागाचे प्रमुख झाले. तेथील काळ्या धाग्यांचा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. शेव्हरल यांनी तपास केला, तेव्हा काळा रंग उत्तमच असल्याचे दिसून आले. तो निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जाई, म्हणून डोळ्याला निस्तेज वाटे. या निरीक्षणावर त्यांनी १८३९ साली रंगांच्या परस्परप्रभावाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. पैठणीच्या किंवा इरकलीच्या व्यापारात असलेल्या बांधवांना हे तत्त्व ग्रंथाविनाही ठाऊक असेल. गिऱ्हाइकासमोर कोणते लुगडे कोणत्या लुगड्यावर उलगडायचे, याचे ज्ञान म्हणजेच हे शास्त्र.

पापणीवर त्याचा उपयोग सोपा आहे. केसांच्या मुळाशी अगदी बारीक काळी रेषा आणि तिच्या वर रंगीत रेषा ओढली, तर काळ्याच्या शेजारी रंग उजळ वाटतो आणि पापणीचे केसही दाट दिसतात. आपल्याकडे बहुतेकांची बुबुळे तपकिरी असतात. तपकिरी ही नारिंगीचीच काळवंडलेली छटा आणि नारिंगीच्या विरुद्ध बाजूस निळा येतो. म्हणून आपल्या डोळ्यांना गर्द निळा आणि मोरपंखी विशेष शोभतो. रेषेची कड कापसाच्या काडीने स्वच्छ पुसली की तीच रेषा दुप्पट ठळक भासते; कारण कड जितकी रेखीव, तितका दोन रंगांतील फरक डोळ्याला स्पष्ट.

लाल आणि राणी रंगाची किंमत

येथवर निळ्या-हिरव्याचा विचार झाला. लाल, राणी आणि लालसर जांभळा यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या घरांनी जाणून घ्यावी अशी आहे.

ओठांना लावायच्या रंगात कृत्रिम लाल द्रव्ये पुष्कळ वापरतात. डोळ्यांच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा फार कडक आहे. तेथे डोळ्यांभोवती मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. या कडकपणामागे एक दुःखद प्रकरण आहे. १९३३ च्या सुमारास ‘लॅश लुअर’ नावाचा पापण्या रंगविण्याचा पदार्थ तेथे विकला जाई. त्यात केसांच्या कलपात असते तसले रसायन होते. त्याने स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टीही गेली. तेव्हाच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश नसल्याने सरकार हतबल होते. १९३८ साली नवा कायदा झाला, तेव्हा त्याखाली पहिल्यांदा जप्त झालेला माल हाच. केसांचा कलप किंवा काळी मेंदी पापण्यांना आणि भुवयांना लावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

मग डोळ्यांसाठी झळझळीत लाल कोठून आणायचा? लोहाचे लाल ऑक्साइड असते. परंतु ते गेरूच्या जातीचे, विटकरी. राणी रंगाची झळाळी देणारे जुने आणि अजूनही प्रचलित द्रव्य म्हणजे कार्माइन. ते कोशिनील नावाच्या किड्यांपासून मिळते. हे किडे निवडुंगावर वाढतात. त्यांचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू देशात होते. मादी किडे खरवडून, मारून, वाळवून त्यांच्यापासून रंग काढतात. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अमेरिकेत हे नाव लेबलवर स्पष्ट छापण्याची सक्ती ५ जानेवारी २०११ पासून झाली, कारण काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी होते.

ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, पाणी गाळून घेतले जाते, कंदमुळे वर्ज्य असतात, त्या घरातील कन्येच्या पापणीवर हा रंग अजाणता यावा, हे मनाला पटत नाही. कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. ज्याची माहितीच नाही, ते टाळणार कसे? निळा, हिरवा, काळा, सोनेरी, तपकिरी हे रंग खनिजांपासून उत्तम मिळतात. जांभळ्यासाठी मँगनीज व्हायोलेट नावाचे खनिज द्रव्य आहे. त्यागावी लागते ती फक्त राणीची एक झळाळी, आणि तिचीही उणीव गर्द निळ्याने भरून निघते.

लेबल वाचण्याचा सराव

बँकेत प्रत्येक खात्याला क्रमांक असतो, तसा प्रत्येक रंगद्रव्यालाही असतो. लेबलवर ‘सी. आय.’ या अक्षरांपुढे पाच अंक छापलेले असतात. ७७ ने सुरू होणारे बहुतेक क्रमांक खनिज आणि निरिंद्रिय द्रव्यांचे. ७७४९९ म्हणजे लोहाचे काळे ऑक्साइड, ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळे, ७७००७ अल्ट्रामरीन, ७७५१० लोहाचा गडद निळा, ७७२८८ क्रोमियमचा हिरवा, ७७७४२ मँगनीज व्हायोलेट, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७०१९ अभ्रक, ७७२६६ कार्बन.

आता ध्यानात ठेवण्याचे तीन क्रमांक. ७५४७० म्हणजे कार्माइन. ७५१७० म्हणजे ग्वानिन. हे माशांच्या खवल्यांपासून मिळणारे मोत्यासारखे चमकदार द्रव्य. आणि ७७२६७ म्हणजे हाडे जाळून केलेला काळा. हा ७७ ने सुरू होतो, तरी प्राणिज आहे. याशिवाय ‘बीजवॅक्स’ किंवा ‘सेरा आल्बा’ असे लिहिलेले असल्यास ते मधमाशांचे मेण. मधाचा त्याग केलेल्यांनी ब्राझीलच्या ताडवृक्षाच्या पानांचे कार्नोबा किंवा मेक्सिकोतील झुडपाचे कँडेलिला मेण असलेली डबी निवडावी.

यादीच्या शेवटी अधिक-उणे चिन्ह किंवा ‘मे कंटेन’ हे शब्द असतील तर गोंधळून जाऊ नये. एकाच मालिकेतील सर्व छटांसाठी कारखानदार एकच यादी छापतो. त्यामुळे निळ्या डबीवरही ७५४७० दिसू शकतो, तो प्रत्यक्षात शेजारच्या राणी छटेत असतो. शंका असल्यास कंपनीच्या ग्राहकसेवेला छटेचे नाव देऊन लेखी विचारावे.

चमकदार छटांतील अभ्रकाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन ही चमक साधतात. अशा छटा प्रकाश परावर्तित करीत असल्याने पांढऱ्या अस्तराविनाही उठून दिसतात. परंतु झारखंडमधील कोडरमा, गिरिडीह भागांतील अभ्रक वेचण्याच्या कामात लहान मुले राबतात, ही उघड झालेली वस्तुस्थिती आहे. ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असे लेबलवर असल्यास ते कारखान्यात बनविलेले अभ्रक होय; ते खाणीतून येत नाही.

शिसे, मुदत आणि हिशेब

सुरम्याचे मूळ द्रव्य अनेकदा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असते. ते काळेभोर आणि चमकदार दिसते. परंतु शिसे शरीरात साठत जाते आणि बालकांच्या मेंदूच्या वाढीस मारक ठरते. भारतात रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे प्रसाधनांत वापरण्यास बंदी आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांतील पाऱ्यालाही दशलक्ष भागांत ७० भाग एवढी मर्यादा आहे. म्हणून कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसलेली सुट्टी डबी कितीही भडक रंग देवो, घरात आणू नये. आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर काहीच घालू नये.

दुकानदार बांधवांनी आयात मालावर नोंदणी क्रमांक व आयातदाराचा पत्ता पाहूनच खरेदी करावी. प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीस आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, हे गिऱ्हाइकाला सांगता येण्यासारखे आहे. काउंटरवरची उघडी नमुन्याची डबी दहा जणींच्या डोळ्यांना लागणे म्हणजे डोळे येण्याच्या साथीला आमंत्रण. छटा दाखवायची ती मनगटावर, तीही एकदाच्या काडीने. घरातही आयलायनर मायलेकींनी, जावा-जावांनी वाटून घेऊ नये.

शेवटी हिशेब. समजा, ३ ग्रॅमची डबी ४५० रुपयांना घेतली, तर ग्रॅमला १५० रुपये पडले. लेबलवर उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ असेल, तर उघडल्यापासून सहा महिन्यांत ती संपवायची असते. रोज वापरणारीला दिवसाला अडीच रुपये पडतात. वर्षातून चार लग्नांपुरते वापरणारीची डबी मात्र वाळून जाणार, म्हणजे एका रेषेला शंभराहून अधिक रुपये. तिने पेन्सिल घ्यावी, तीच फायद्याची. आणि जी डबी घेतली आहे, ती तारीख लिहून ठेवून वापरावी. मुदत टळली की किंमत न पाहता टाकून द्यावी. डोळ्याच्या दुखण्यापुढे उरलेल्या दोन ग्रॅमची काय मातब्बरी!

पापणीवरची रेषा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते. तिच्यात भूगर्भातील खनिज असते किंवा मारलेला किडा असतो, कारखान्याची शिस्त असते किंवा जत्रेतील बेफिकिरी असते. पांढरे अस्तर, पातळ थर आणि मिनिटभराचा संयम एवढ्या तीन गोष्टींनी खनिजाचा साधा रंगही झळकतो. येत्या लग्नसराईत खरेदीला निघताना चष्मा सोबत घ्यावा आणि डबी उलटी करून आधी मागची बारीक अक्षरे वाचावीत.